मशीनमध्ये दुसरं काय होतं

परदेशीपुरा, इंदूर
२ मार्च २०२५

ती. शैलजाआत्यांना,
निवेदिताचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे जिवंत आहेत. फोनच केला असता, पण तुमचं कानाचं यंत्र फोनवर शिट्टी मारतं आणि तुमचा मोबाइल कायम अथर्वभाऊंच्या खिशात. मला जे सांगायचं आहे ते तुमच्या मुलानं आधी ऐकावं असं वाटत नाही. शिवाय तुम्हीच म्हणत होतात ना, शाळा सुटली तसा लिहिण्याचा हात गंजला? घ्या मग, गंज काढा.

वरचा पत्ता वाचून तुम्ही कपाळाला हात लावला असेल. हो, मी माहेरी आहे, मम्मीकडे. आठ दिवस झाले. नीरजनं स्वतः गाडीनं सोडलं. "दो-चार दिन की बात आहे, आई जरा शांत होऊ दे," म्हणाला. आईंनी सांगून टाकलंय की मी घरात असेपर्यंत त्या पाण्याचा घोट घेणार नाहीत.

तुम्ही आईंना बघायला दवाखान्यात येऊन गेलात तेव्हा मी औषधांच्या लायनीत होते, भेट झाली नाही. तुम्हाला कुणी काय सांगितलं देव जाणे. म्हणून माझ्या तोंडून ऐका. बाबा तीन महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांच्या चादरी, दुपटी, सगळं आपल्या त्याच मशीनमध्ये धुतलं. मग ते गेले, तेरा दिवसांचे सुतकातले कपडेही त्यातच. गोडजेवण झालं, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी ठरवलं की मशीन आतून एकदा स्वच्छ करायची. अर्धी बाटली ब्लीच रिकाम्या ड्रममध्ये घातलं, गरम पाण्याचा प्रोग्राम लावला आणि भाड्याची पातेली परत करायला बाहेर पडले. तुम्ही तेव्हा तुमची पिशवी भरत होतात. अकराच्या बसनं तुम्ही गेलात.

साडेअकराला लाइट गेली. मशीन मध्येच थांबली. आई आपलं लुगडं टाकायला गेल्या, दार उघडलं आणि आतली वाफ थेट तोंडावर आली. त्या मोरीला खिडकी नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच, आणि आईंचा दमाही. मी परत आले तेव्हा त्या उंबऱ्यात पडलेल्या होत्या, ओठ निळे.

डॉक्टरांनी विचारलं, मशीनमध्ये काय काय मिसळलं होतं? मी म्हटलं, फक्त ब्लीच. ते म्हणाले, नुसत्या ब्लीचनं एवढं होत नाही, दुसरं काहीतरी होतं. झालं! मोरीच्या फळीवर तेजाबाची बाटली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आत्या, मी नऊ वर्षं दातांच्या दवाखान्यात काम करते. ब्लीचचं पाणी रोज माझ्या हातात असतं. ते कशातही मिसळायचं नाही हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. पण ऐकतं कोण? आई म्हणतात, गिरणीतल्या मजुरांच्या घरातली, हिला काय कळतंय. नीरज काहीच म्हणत नाही.

पलकची परीक्षा आहे म्हणून ती तिकडेच, अन्नपूर्णा भागातल्या आपल्या घरी. आठ वर्षांचं लेकरू. परवा भेटले तर विचारते, "मम्मा, तूने आजी के मशीन में ज़हर डाला था क्या?" मला बाकी काही नको आत्या. घर नको, मान नको. तिच्या मनातून हे जायला हवं. तुम्ही मोठ्या आहात, त्या घरात तुमचा शब्द चालतो. काहीतरी करा.

तुमची,
निवेदिता


देपालपूर
९ मार्च २०२५

चि. सौ. निवेदितास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुझं अक्षर मात्र कोंबडीच्या पायांसारखं झालंय, माझ्या वर्गात असतीस तर पाच पानं शुद्धलेखन दिलं असतं.

आता रडणं बंद कर आणि मी सांगते ते ऐक. वहिनी वाईट नाही. मी तिला पन्नास वर्षं ओळखते. नवरा जाऊन चौदा दिवस होतात न होतात तोच स्वतः मरणाच्या दारात जाऊन आली, ती कुणावर तरी चिडणारच. आपलेच दात नि आपलेच ओठ. तू जाऊन पाया पड, म्हण की आई, चुकलं माझं. चुकलं असो नसो. माफी मागितल्यानं कुणाचे हात झिजत नाहीत. झालं गेलं गंगेला मिळेल आणि तू आपल्या लेकीपाशी जाशील. खरं-खोटं करत बसलीस तर संसार हातचा जाईल.

आणि घराला काही लागिर झालंय, तुझा पायगुण वाईट, असलं कुणी म्हणत असेल तर मुळीच मनावर घेऊ नकोस. घर मी स्वतः शुद्ध करून निघाले होते. त्या सकाळी वहिनीच म्हणाली, "शैले, जाण्याआधी सगळीकडे गोमूत्र शिंपडून जा, सुतक फिटलं." मी देपालपूरच्या गोशाळेतली मोठी बाटली दादा आजारी पडला तेव्हाच आणून ठेवली होती. देवघर, स्वयंपाकघर, दादाची खोली, फ्रीजच्या दारावरसुद्धा दोन थेंब. तुमच्या त्या मशीनलाही सोडलं नाही. सुतकाचे कपडे ज्यात धुतले, तिला नुसतं वरून शिंपडून काय होणार? रिकामीच फिरत होती. साबणाचा खण ओढला आणि उरलेली अर्धी बाटली ओतली त्यात. म्हटलं, हो बाई आतून-बाहेरून पवित्र. एवढं केल्यावर त्या घरात वाईट काही राहीलच कसं?

तेव्हा धीर सोडू नकोस. पलकचे पेपर कसे जातायत? गणितात तिला हातचा घ्यायचा विसर पडतो, लक्ष ठेव.

तुझी,
शैलजाआत्या


परदेशीपुरा
१६ मार्च २०२५

ती. आत्यांना साष्टांग नमस्कार, आणि दुसरा, आणि तिसरा!

आत्या, सापडलं! तुमचं पत्र वाचता वाचता मी त्या साबणाच्या खणापाशी आले आणि हातातला चहा तसाच ठेवला. पुन्हा वाचलं. मग पत्र पर्समध्ये घालून तडक दवाखान्यात गेले. आमचे डॉक्टर शरदचंद्र तुम्हाला माहीत आहेत, तुमची कवळी त्यांनीच केली. गेला महिनाभर ते मला एकच विचारत होते, "अहो निवेदिताबाई, पण मशीनमध्ये दुसरं काय होतं?" मी म्हटलं, सर, गोमूत्र. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "किती दिवसांचं?"

गोमूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो म्हणे. तो उग्र वास त्याचाच. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू होतो. त्यात पाणी गरम, ड्रम बंद, मोरीला खिडकी नाही. आईंसारख्या दम्याच्या माणसाला तर दोन श्वास पुरतात. नुसतं देवघरात शिंपडलेल्याचं काही नाही, तुमचे फ्रीजवरचे दोन थेंबही माफ. फक्त तिथं, त्या मशीनमध्ये, माझं ब्लीच आधीच फिरत होतं, आणि ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं ना. तेवढी चूक माझी, मशीनवर चिठ्ठी लावायला हवी होती.

आत्या, बघा तरी कसं झालं! दोघी एकच घाण काढायला गेलो, तुम्ही तुमच्या औषधानं, मी माझ्या. यात दोष कुणाचाच नाही. तुमचा तर अजिबात नाही, हे मी आईंच्या समोर शंभरदा म्हणेन.

फक्त तुम्ही एकदा इंदूरला या आणि नीरजला नि आईंना सांगा, "मीही खणात गोमूत्र ओतलं होतं." एवढं एकच वाक्य. मी आत्ता जाऊन सांगितलं तर लोक म्हणतील, सुटायला आता म्हातारीवर ढकलते. तुमच्या तोंडून आलं की कुणी चूं करणार नाही. म्हणून मी कुणाला काही बोलले नाही, नीरजलासुद्धा नाही. तुमची वाट बघते.

आज किती दिवसांनी जेवण गेलं सांगू? मम्मीनं पोहे केले होते, दोनदा घेतले, वर शेव भुरभुरून.

तुमची,
निवेदिता


परदेशीपुरा
६ एप्रिल २०२५

ती. आत्यांना साष्टांग नमस्कार.

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. पोस्टाचा घोळ असेल म्हणून हे पुन्हा. तब्येत बरी आहे ना? गुडघे?

पलकची परीक्षा संपली. काल नीरज तिला इथं सोडून गेला, संध्याकाळपर्यंत. दुपारी मी तिला दूध दिलं, वेलची घालून, तिला आवडतं तसं. तिनं ग्लास नाकाशी नेला. हुंगला. मग माझ्याकडे बघून अगदी शहाण्यासारखं विचारलं, "मम्मा, इसमें कुछ मिलाया तो नहीं ना?"

मी म्हटलं, साखर मिसळली. तिनं ग्लास खाली ठेवला. पाणीही तिनं मम्मीच्या हातून घेतलं, माझ्या नाही.

आत्या, मी आत जाऊन नळ सोडला आणि रडले. लवकर या हो.

निवेदिता


देपालपूर
९ एप्रिल २०२५

सौ. निवेदिता नीरज यांस,

आपली पत्रे मिळाली. या संदर्भात कळविण्यात येते की सदर मशीनमध्ये मी कोणताही पदार्थ टाकलेला नाही. माझ्या आधीच्या पत्रात तसा काही उल्लेख आला असल्यास तो वयोमान व स्मरणदोष यांमुळे झालेला आहे, तो ग्राह्य धरू नये. सदर पत्र माझ्याकडे त्वरित परत पाठवावे. यापुढे या विषयावर पत्रव्यवहार करू नये ही विनंती.

कळावे,
शैलजा

पलकला गणितात किती पडले?


परदेशीपुरा
१४ एप्रिल २०२५

आत्या,

"आपली पत्रे"? मी "आपली" कधीपासून झाले? लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही मला "ए पोरी, इकडे ये" म्हणून हाक मारली होती, आणि सासरच्या त्या सगळ्या सरदारी थाटात मला तेवढंच एक हक्काचं वाटलं होतं.

स्मरणदोष? तुम्हाला? १९८२ सालच्या चौथीच्या वर्गाचा पट तुम्ही आजही नंबरवार म्हणून दाखवता. फ्रीजच्या दारावर दोन थेंब टाकले हे आठवतं, खण ओढल्याचं आठवतं, आणि मी ज्या दिवशी ते मागितलं त्याच दिवशी नेमकं विसरलात?

मी तुम्हाला दोष दिला होता का हो? एका ओळीत तरी? दोष नाही, माफी नाही, काही मागितलं नव्हतं. फक्त खरं तेवढं मागितलं. ते देण्यासारखंही माझं काही नव्हतं तुमच्या लेखी. आईंनी मला कधी आपलं म्हटलं नाही, त्याचं इतकं लागलं नाही. तुम्ही म्हटलं होतं.

पत्र परत मिळणार नाही.

पण मला एक कळतंय. अक्षर तुमचं आहे, भाषा तुमची नाही. "सदर" आणि "ग्राह्य" तुम्ही जन्मात लिहिलं नसेल. हे अथर्वभाऊंचं काम. मंडीतले अर्ज लिहून लिहून त्यांची जीभही तशीच झालीय. आईवर बालंट येईल म्हणून त्यांनी तुमचा हात धरून लिहून घेतलं, बरोबर ना? मुलाच्या घरी राहायचं म्हणजे तुमचंही काही चालत नसेल. मी समजू शकते.

म्हणून मी आता थांबणार नाही. येत्या रविवारी मी अन्नपूर्णाला जाते आणि तुमचं मार्चचं पत्र नीरजच्या हातात ठेवते. आतापर्यंत तुमच्या भरवशावर गप्प होते. नीरज कमी बोलतो, चिडतो, आईंच्या पुढे त्याची बोलती बंद होते, सगळं खरं. पण दहा वर्षांत तो माझ्याशी खोटं बोललेला नाही. त्याला माहीत नाही म्हणून तो असा आहे. एकदा कळलं की तो माझ्या बाजूनं उभा राहील, आणि पलकला तोच समजावून सांगेल.

निवेदिता


देपालपूर
१८ एप्रिल २०२५

पोरी,

हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देतेय, पोस्टावर भरवसा नाही. रविवारच्या आत तुला मिळायला हवं. नीरजकडे जाऊ नकोस.

अथर्वला शिव्या देऊ नकोस, त्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

तुझं ते आनंदाचं पत्र आलं, ते मी तीनदा वाचलं. वहिनी माझ्या हातून मरता मरता वाचली. मी दोन दिवस जेवले नाही. मग २३ तारखेला कुणाला न सांगता इंदूरला गेले. खरंच सांगायला गेले होते, देवाशपथ. वहिनी आत झोपली होती. नीरज एकटाच हॉलमध्ये होता. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो उठून ओरडेल.

तो म्हणाला, "आत्या, मला माहीत आहे."

त्या रविवारी आईला दवाखान्यात भरती करून तो तिचे कपडे न्यायला घरी आला होता. मोरीत मशीनवर माझी रिकामी बाटली तशीच पडलेली, गोशाळेची चिठ्ठी चिकटवलेली. खण अर्धा उघडा. त्यानं वास घेतला. मोबाइलवर शोधलं. त्याला त्याच दुपारी सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडी आली तेव्हा बाटली स्वतः खाली नेऊन टाकली.

मी म्हटलं, अरे, मग त्या पोरीला का मारतोस? म्हणाला, "आई तेव्हा नळ्यांवर होती. गोमूत्र टाकायला तुला तिनंच सांगितलं होतं. बाबा जाऊन दोन आठवडे, आणि तिला सांगू, की तुझ्याच सांगण्यानं तुझी ही दशा झाली? ती तिथंच हाय खाईल. आणि तुझं नाव घेतलं तर ती तुझं तोंड बघणार नाही. निवेदिता समजूतदार आहे. ती काढेल थोडे दिवस. मी तिला नंतर समजावीन."

मग त्यानं एका कागदावर मजकूर लिहून दिला, उतरवून पाठव म्हणाला. मी घरी येऊन पंधरा दिवस तो कागद नुसता उशीखाली ठेवला. तुझं दुसरं पत्र आलं, दुधाच्या ग्लासाचं, आणि तरी मी उतरवला. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या मी निवेदिता, आणि शेवटी स्वतःच कॉपी करून बसले. खालची पलकची ओळ तेवढी माझी.

मी भ्याले. दादा गेला, आता माहेर म्हणून माझ्याकडे वहिनीचा एक उंबरा उरलाय. तो बंद झाला तर मी कुठे जाऊ? तू तरुण आहेस, नोकरी आहे, तुझं काहीही होऊ शकतं, असं मी माझ्या मनाला सांगत राहिले. दुसऱ्याच्या लेकीच्या बाबतीत माणूस किती सहज असं म्हणतो.

क्षमा माग म्हणून तुला मी शिकवलं होतं. आता मलाच ती कशी मागतात ते सुचत नाही.

शैलजा


परदेशीपुरा
४ मे २०२५

शैलजाआत्या,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. तरी मी रविवारी गेले.

नीरज पेपर वाचत होता. मी तुमची दोन्ही पत्रं, मार्चचं आणि हे शेवटचं, टेबलावर ठेवली. त्यानं मार्चचं उघडलंसुद्धा नाही, नुसतं अक्षर पाहिलं आणि म्हणाला, "आत्याला सांगितलं होतं, परत मागून घे म्हणून."

मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"मी सांगणारच होतो यार."

"कब?"

"आईची तब्येत जरा सेट झाली की. तू समजून घे ना थोडं. तू समजूतदार आहेस, तुझ्यावर माझा भरवसा आहे, म्हणूनच तर..."

आत्या, या वाक्यावर मला हसू आलं. सत्तर दिवस! त्यातले जवळजवळ दोन महिने हा माणूस रोज फोन करून मला विचारत होता, जेवलीस का. मी त्याला रडून सांगत होते की नीरज, मी खरंच दुसरं काही घातलं नाही रे, आणि तो म्हणत होता, "ठीक आहे, सोड ना आता." मला वाटायचं, त्याला संशय आहे आणि तरी तो प्रेमानं वागतोय. मी त्या प्रेमाचे उपकार मानत होते! आणि तो माणूस, ज्याला आपल्या घरात ओल्या कचऱ्याचा डबा कुठला नि सुक्याचा कुठला हे दहा वर्षांत कळलं नाही, तो त्या सकाळी गाडीचा भोंगा ऐकून बाटली घेऊन खाली धावला.

मी म्हटलं, आईंना वाचवायचं होतं, ठीक. आत्यांना वाचवायचं होतं, तेही ठीक. पण मला कानात सांगितलं असतंस, की निवेदिता, तू केलं नाहीस हे मला माहीत आहे, थोडे दिवस गप्प राहा, तर मी वर्षभर गप्प राहिले असते. तुझ्यासाठी तेवढं सहज केलं असतं. तू मलाच का फसवलंस? तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू ती भूमिका नीट केली नसतीस." शब्दशः हे. भूमिका.

आणि पलक? तर म्हणाला, "बच्ची आहे, भूलून जाईल." मी त्याला दुधाच्या ग्लासाचं सांगितलं. त्याला ते नवीन नव्हतं. त्याच्या समोर ती रोज आईंच्या घरातलंही सगळं हुंगते म्हणे, पण त्याच्या हातचं घेते.

आईंना मी काही बोलले नाही. दाराशी उभी राहून पाहिलं, त्या ऑक्सिजनच्या यंत्रापाशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, फार वाळल्यात. त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही आणि नीरज बघा. तुमचा माहेरचा उंबरा माझ्यामुळे बंद व्हायचा नाही, निश्चिंत असा. क्षमेचं विचाराल, तर आत्ता माझ्याजवळ नाही. पुढं असेल की नाही, तेही सांगता येत नाही.

पलकला मी घेऊन आले. नीरजनं अडवलं नाही, तिची बॅग खाली आणून दिली. तिची पुढची शाळा आता इकडचीच.

घरी आल्यावर मी तिला तुमचं मार्चचं पत्र वाचायला दिलं. तुमचं अक्षर फळ्यावरचं, सुटं सुटं, तिला जमलं. बोट ठेवून वाचत गेली. खणापाशी आली तेव्हा थांबली.

"मतलब शैलजाआजीने डाला था?"

"हो. पण चुकून. तिला माहीत नव्हतं."

"और तूने सिर्फ़ साफ करनेवाला?"

"हो."

तिनं पत्राची घडी घातली. मग माझ्या मांडीत येऊन बसली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा, आत्या. तिच्या केसांना आईंच्या घरच्या तेलाचा वास येत होता. मला वाटलं, मिळालं मला सगळं, आता काही नको. तेवढ्यात तिनं मान वर केली.

"पप्पा को पता था?"

तिला विचारायचं होतं की पप्पांनाही आपल्यासारखंच चुकीचं वाटत होतं का. तिच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती की जणू माझ्या एका शब्दावर पप्पांच्या हातचा ग्लासही तिच्या हातून जाणार होता.

मी म्हटलं, "नाही बेटा. पप्पांना काही माहीत नव्हतं."

लगेच म्हटलं. अडखळले नाही. आवाजही हलला नाही. ती सुस्कारा टाकून पुन्हा मांडीत पडली, आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसले.

अडीच महिने तुम्ही सगळे मला सांगत होतात, कबूल कर, कबूल कर आणि मोकळी हो. मग हे घ्या. माझ्या मुलीनं विश्वासानं विचारलं आणि मी तिच्याशी खोटं बोलले. हे मात्र मी केलं.

निवेदिता